आता स्वतःसाठी जगा, म्हणजे नेमके काय करायचे?

हा प्रश्न कोल्हापुरातील एका ५३ वर्षांच्या भगिनीने विचारला आहे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे त्यांनी नऊ वर्षे सर्व काही केले आणि त्यासाठी प्राथमिक शाळेतील नोकरी सोडली. सात महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या. मुले पुण्यात आणि बंगळुरूला असतात, पती स्वतःच्या वर्कशॉपमुळे दिवसभर उद्यमनगरात असतात. जो भेटेल तो सांगतो, "आता स्वतःसाठी जगा." त्यांनी भिशी लावली, दोन सहली केल्या, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागल्या. तेवढ्या वेळेपुरते बरे वाटते, पण परत येऊन दाराचे कुलूप काढताना पोटात खड्डा पडतो आणि आपण मजा करून आलो याची टोचणीही लागते. थोरले दीर म्हणतात की एखाद्या समाजकार्याला वाहून घ्या, खरे समाधान त्यातच आहे. "सुख मौजेत आहे की ध्येयात? मी कोणता रस्ता धरू?" असे त्यांनी विचारले आहे. सासूबाईंची खोली अजून जशीच्या तशी आहे, तिचे काय करावे, हेही पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे.

ताई, गेली २७ वर्षे मी या शहरात समुपदेशनाचे काम करते आहे आणि तुमच्या वयाच्या, दीर्घ शुश्रूषेतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या अनेक स्त्रिया माझ्यासमोर बसून गेल्या आहेत. घरात आजारपण उरलेले नाही, पैशाची ओढाताण नाही, तरीही आपण समाधानी नाही, याची त्यांतील बहुतेकींना लाज वाटत असते. तुमच्या पत्रातही दोनदा "एवढे सगळे असताना" असे शब्द आले आहेत. ते शब्द आपण बाजूला ठेवू, कारण तुमचा प्रश्न रिकामपणाच्या कुरबुरीचा नाही.

तुम्ही दोन रस्ते मांडले आहेत आणि त्यांतला एक निवडायचा आहे असे धरून चालला आहात. मला ती मांडणीच मान्य नाही. मौज आणि प्रयोजन यांचा संबंध मला तहान आणि भूक यांच्यासारखा वाटतो. तहानलेल्याला भाकरी वाढली तर तो ती खाईल, पण त्याचा घसा कोरडाच राहील, आणि म्हणून भाकरी वाईट ठरत नाही. तुमच्या नऊ वर्षांत प्रयोजन भरपूर होते आणि मौज जवळजवळ नव्हती. गेल्या सात महिन्यांत मौजेची थोडी सोय झाली आणि प्रयोजन एका दिवसात, तिरडी उठली त्या दिवशी, संपले. सहलीने ती दुसरी उणीव भरली नाही यात सहलीचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

माणसाचे भले कशात आहे, हा वाद फार जुना आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टिपसने समोर आलेल्या क्षणाच्या सुखाला जगण्याचे साध्य मानले, तर ॲरिस्टॉटलने आपल्यातील उत्तम क्षमता सद्गुणांना धरून कामी लावत राहणे यालाच कल्याण म्हटले. आपल्याकडे कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की श्रेय, म्हणजे हिताचे, आणि प्रेय, म्हणजे प्रिय वाटणारे, या दोन्ही गोष्टी माणसापुढे येतात आणि धीर पुरुष त्यांचा विवेक करून श्रेयाला पसंती देतो. तुमच्या दिरांचा सल्ला याच वाटेने येतो. परंतु ज्या परंपरेने हे सांगितले तिनेच पुरुषार्थ मोजताना धर्म, अर्थ आणि मोक्ष यांच्या पंक्तीला काम, म्हणजे सुखोपभोगाची इच्छा, हाही बसवला, हे सांगायचे मात्र बहुतेक जण विसरतात. आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'श्रेय' या शब्दाचा मूळ अर्थ अधिक हिताचे असा आहे, पण आजच्या मराठीत श्रेय म्हणजे कोणाच्या तरी नावावर जमा होणारी वाहवा. हा बदल मला बोलका वाटतो. घरातल्या शुश्रूषेत हिताचे काम एकीच्या हातून होते आणि वाहवा अनेकदा दुसऱ्याच्या नावावर जाते. तुम्ही लिहिले आहे की तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी "मुलाने आईची सेवा केली" असे म्हटले. त्या वाक्याने तुम्हाला झालेली जखम अजून ओली आहे, हे तुमच्या अक्षरांतूनही दिसते.

मानसशास्त्रात हा विषय मोजमापाच्या कक्षेत आला तो गेल्या चार-पाच दशकांत. एड डीनर यांनी १९८४ मध्ये व्यक्तीच्या स्वतःच्या अनुभवातले सुख, म्हणजे आयुष्याबद्दलचे समाधान आणि चांगल्या-वाईट भावनांचे प्रमाण, हा अभ्यासाचा विषय म्हणून नीट मांडला. कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये असा आक्षेप घेतला की एवढ्याने माणसाचे कुशल कळत नाही, आणि आत्मस्वीकार, सलोख्याची नाती, स्वायत्तता, भोवतालच्या परिस्थितीवरची पकड, जीवनातील प्रयोजन आणि व्यक्ती म्हणून होणारी वाढ अशी सहा अंगे पुढे ठेवली. त्यानंतर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. तुमच्या कामाची दोनच निरीक्षणे सांगते. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवून त्या त्या वेळी कसे वाटत होते ते नोंदवायला सांगितले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांना सांभाळण्याचा वेळ आनंदाच्या बाबतीत टीव्ही पाहण्याच्या वेळेपेक्षाही खाली होता. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुमारे ४०० अमेरिकन प्रौढांच्या उत्तरांवरून दाखवले की सुखी वाटणे हे वर्तमानाशी आणि गरजा भागण्याशी अधिक जोडलेले असते, तर अर्थपूर्ण वाटणे हे भूत, वर्तमान आणि भविष्य यांना जोडण्याशी आणि दुसऱ्याला देण्याशी. ज्यांना आपले जीवन अर्थपूर्ण वाटत होते त्यांच्या आयुष्यात चिंता आणि ताणही जास्त होता.

आता तुमची नऊ वर्षे या प्रकाशात पाहा. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावणे, पातळ पेज भरवताना ठसका लागेल म्हणून जीव मुठीत धरणे, रात्री हाक आली की उठणे. त्या तासांना आनंदाचे गुण द्यायला सांगितले असते तर तुम्ही फारच कमी दिले असते, आणि ते खरेच ठरले असते. तरीही पहाटे डोळे उघडताना आपण कशासाठी उठतो आहोत हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही. आज तो रोज पडतो. सुख कमी आणि अर्थ जास्त अशा आयुष्यातून तुम्ही एका रात्रीत सुख थोडे बरे आणि अर्थ नाहीसा अशा आयुष्यात आला आहात, आणि तुमच्या मनाने या बदलाची तक्रार केली तर त्यात रोगट असे काही नाही.

येथे एका गोष्टीवर मला जास्त वेळ थांबायचे आहे, कारण आपल्या घरांमध्ये नेमकी येथेच गल्लत होते. कर्तव्य आणि प्रयोजन यांना आपण एकच समजतो. कर्तव्य बाहेरून येते. ते नात्यामुळे, रीतीमुळे, "तूच आहेस म्हणून" येते. प्रयोजन म्हणजे जे काम आपण आपले म्हणून पत्करले आहे ते. एकच काम दोन्ही असू शकते, आणि एकाच कामाचा अर्धा भाग कर्तव्य आणि अर्धा प्रयोजन असाही असू शकतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा असतात: आपल्या कृतीमागे आपली स्वतःची संमती असणे, आपल्याला काम जमते आहे असे जाणवणे आणि कोणाशी तरी आपुलकीचा धागा असणे. तुमच्या शुश्रूषेत दुसरी गरज उत्तम भागली. डॉक्टरांनी "नऊ वर्षांत एकही बेडसोर नाही" असे म्हटल्याचे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे आणि तो अभिमान रास्त आहे. तिसरी गरजही भागली, कारण शेवटच्या दोन वर्षांत सासूबाई फक्त तुमच्याच हातून जेवत होत्या. पहिली मात्र भागली नाही. नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारलाच नव्हता. त्यामुळे पुढचे पाऊल ठरवताना मी याच पहिल्या गरजेला सर्वांत जास्त महत्त्व देईन.

आणि म्हणूनच "वाहून घ्या" हा सल्ला, तो कितीही सद्भावनेने दिलेला असला तरी, मला आजच्या घडीला धोक्याचा वाटतो. तुम्ही एकदा स्वतःला पूर्ण वाहून घेतलेले आहे. नऊ वर्षांची सवय अशी असते की रिकाम्या जागेत लगेच दुसरे ओझे उचलून ठेवावेसे वाटते, आणि दिलेले काम चोख करणारी बाई मिळाली की कोणतीही संस्था तिला आनंदाने ठेवून घेते. दीड वर्षाने ती बाई माझ्याकडे थकून येते. हे मी एकीच्याच नव्हे, अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराच्या वेळी आम्ही काही समुपदेशक निवारा केंद्रांत जात होतो. घरे पाण्याखाली, जनावरे कुठे आहेत ठाऊक नाही, अशा अवस्थेत आलेल्या लोकांपैकी ज्या बाया दुसऱ्या दिवशी स्वतःहून भाकरी थापायला बसल्या, लहान मुलांना गोळा करून बसवू लागल्या, त्यांची झोप इतरांच्या आधी परत आली, असे मला तेव्हा दिसले. ज्यांना आम्ही प्रेमाने "तुम्ही काही करू नका, आराम करा" म्हणून बसवून ठेवले होते त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. या अनुभवाने मी माझ्या कामाची पद्धत बदलली. परंतु त्याची पुढची बाजूही सांगायला हवी. पाणी ओसरले, केंद्रे बंद झाली, आणि त्या भाकरी थापणाऱ्या बायांपैकी काही जणी घरातला गाळ काढून झाल्यावर ऑक्टोबरमध्ये कोसळल्या. कोणाच्या तरी संकटावरच ज्याचे प्रयोजन उभे असते त्याला संकट संपल्यावर पुन्हा पोकळी गाठते. म्हणून तुमच्यासाठी मी अशा कामाचा आग्रह धरेन ज्याचा आधार दुसऱ्याची विपत्ती नसून तुमचे स्वतःचे कसब असेल.

आता मौजेबद्दल. तुमच्या मनात मौजेला दुय्यम स्थान आहे, ते मला बदलावेसे वाटते. हुरूप, चव, रंग, गाणे, गप्पा यांतून मिळणारा आनंद हा शहाणपणाचा शत्रू नाही. वेरोनिका हुटा आणि रिचर्ड रायन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना दहा दिवस रोज एखादी मौजेची गोष्ट आणि काहींना रोज एखादी सार्थ वाटणारी गोष्ट करायला सांगितले होते. लगेचचा लाभ मौजेच्या गटाला अधिक झाला, तीन महिन्यांनंतरचा लाभ दुसऱ्या गटाला अधिक दिसला. त्याच संशोधनात असेही आढळले की ज्यांच्या आयुष्यात दोन्ही होते त्यांचे कुशल सर्वांत चांगले होते. मी याचा अर्थ असा घेते की मौज आजच्या दिवसाला उभे करते आणि प्रयोजन वर्षाला. आजचा दिवस उभा राहत नसेल तर वर्ष कोणाच्या बळावर काढायचे?

मौजेची एक अडचण मात्र खरी आहे. मन तिला लवकर सरावते. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांची तुलना सामान्य लोकांशी केली, तेव्हा विजेते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत आणि रोजच्या लहान गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद उलट कमी झालेला दिसला. (याच अभ्यासातील, अपघाताने पांगळे झालेल्या लोकांबद्दल "तेही तितकेच सुखी होते" असे व्याख्यानांतून सांगितले जाते, ते चुकीचे आहे. ते इतरांपेक्षा कमी सुखी होते, फक्त अपेक्षेइतके दुःखी नव्हते.) यावरून व्यवहारात एवढे घ्यावे की क्वचित होणाऱ्या मोठ्या सहलीपेक्षा वारंवार होणाऱ्या लहान आणि निरनिराळ्या गोष्टी अधिक टिकतात. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर एकामागून एक रील पाहत बसता, असे तुम्ही लिहिले आहे. ती मौज आहे असे समजू नका. हवेहवेसे वाटणे आणि प्रत्यक्ष आवडणे यांच्या मेंदूतील यंत्रणा पुष्कळशा वेगळ्या आहेत, हे केंट बेरिज यांच्या संशोधनाने दाखवले आहे. बोट पुढे सरकवत राहावेसे वाटते, पण पाहून झाल्यावर काही आवडले का, असे स्वतःला विचारले तर उत्तर बहुधा नकारार्थी येते.

मजा केल्याची टोचणी का लागते? माझ्या अनुभवात तिच्या मुळाशी बहुतेक वेळा न बोललेला सुटकेचा भाव असतो. सासूबाई गेल्या तेव्हा दुःखाबरोबर तुम्हाला सुटल्यासारखेही वाटले असेल, आणि म्हणून प्रत्येक सहल त्यांच्या जाण्याची किंमत देऊन घेतल्यासारखी वाटत असेल. दीर्घ आजाराची शुश्रूषा करणाऱ्या अनेकांना असे वाटते. त्यातून प्रेम कमी होते असे सिद्ध होत नाही. हे एकदा कोणाजवळ तरी मोठ्याने बोला, शक्य तर पतीजवळ. त्यांच्याही मनात तेच असण्याची शक्यता मोठी आहे.

तुमच्या पत्रातील एका वाक्यावरून मी दोनदा नजर फिरवली. लग्नाआधी सात वर्षे तुम्ही शास्त्रीय गाणे शिकत होता आणि देवल क्लबातील मैफली चुकवत नव्हता, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. अल्लादियाँ खाँसाहेब ज्या शहरात दरबारी गायक होते तेथे गाण्याचा शौक हा काही सांदीत टाकण्याचा विषय नाही. रियाजाकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण मौज आणि प्रयोजन येथे एकमेकांत मिसळतात. पहिल्या वीस मिनिटांत आवाज लागत नाही, मन कंटाळते, मौज अशी काही नसते. मग एखादा स्वर जागेवर लागतो आणि वेळेचे भान हरपते. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी याच तल्लीनतेचा अभ्यास केला आणि तिची मुख्य अट अशी सांगितली की कामाचे आव्हान आणि आपले कसब यांचा मेळ असावा लागतो. २८ वर्षांनी गळा साथ देईल का, ही भीती स्वाभाविक आहे. सा लावून बसण्यापुरता तो साथ देईल, आणि सुरुवातीला तेवढे पुरते.

या शहरातील माणसाला दाखला द्यायचा तर शाहू महाराजांचाच द्यावासा वाटतो. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा, १९०९ मध्ये राधानगरीच्या धरणाचे काम सुरू करणारा आणि ते पूर्ण झालेले पाहण्याआधीच १९२२ मध्ये गेलेला हा राजा कुस्तीचा आणि शिकारीचा मनस्वी शौकीन होता. खासबागेचे कुस्तीचे मैदान त्याच शौकातून उभे राहिले. त्यांच्या आयुष्यातून कुस्ती वजा करून उरलेले थोर होते असे कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे रोज रात्री दिवसभरातील सहा-सात गोष्टी लिहून प्रत्येकीपुढे शून्य ते दहा असे दोन आकडे मांडा. करताना किती बरे वाटले, हा पहिला, आणि करण्यात किती अर्थ वाटला, हा दुसरा. नैराश्यावरील उपचारांत वापरल्या जाणाऱ्या दिनक्रमाच्या तक्त्याचाच हा थोडा बदललेला प्रकार आहे. भिशीला कदाचित सात आणि दोन मिळतील, बँकेतल्या खेपेला दोन आणि तीन, नातवाशी फोनवर गोष्ट सांगण्याला आठ आणि नऊ. वही भरून झाली की दोन्ही आकडे मोठे असलेल्या ओळींखाली रेघ मारा. तुमच्याबद्दल मी, तुमचे दीर किंवा कोणीही जे सांगू शकत नाही ते त्या ओळी सांगतात.

त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनच तासांचे, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी करायचे एक काम पत्करा, जेथे कोणीतरी तुमची वाट पाहत असेल. तुम्ही शिक्षिका होता. गल्लीतील वाचनात मागे पडलेल्या तीन-चार मुलांना शनिवारी सकाळी अंगणात बसवून वाचायला लावणे मला योग्य वाटते, पण वहीने वेगळे काही सुचवले तर वहीचे ऐका. तीन महिने ते दोन तासांपलीकडे वाढू देऊ नका. कोणी आग्रह केला तर "सध्या एवढेच" असे म्हणा. हे वाक्य म्हणता येणे हा तुमच्या बाबतीत उपचाराचाच भाग आहे. प्रयोजन म्हणजे काही भव्य असायला हवे, हा समज माझ्या मते फार लोकांना जागच्या जागी बसवून ठेवतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. तुमच्या पत्रावरून मला हे दुःख आणि पोकळी वाटते, आजार वाटत नाही, पण पत्रावरून निदान करता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस, दिवसभर मन खिन्न राहणे, गाणे, जेवण, नातवंडे अशा कशातच गोडी न वाटणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काही असेल तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. नैराश्यात आनंद आणि अर्थ या दोन्हींची चवच जाते, आणि त्या अवस्थेत मौज की ध्येय ही चर्चा निरुपयोगी असते.

सासूबाईंच्या खोलीबद्दल. वर्षश्राद्धापर्यंत ती पूर्ण रिकामी करण्याची घाई करू नका आणि कोणालाही तुमच्या गैरहजेरीत करू देऊ नका. भाड्याने आणलेला दवाखान्याचा पलंग आणि औषधांचे खोके मात्र या महिन्यात परत करा किंवा देऊन टाका, कारण त्या वस्तू त्यांच्या नव्हत्या, त्यांच्या आजाराच्या होत्या. त्यांची लुगडी, चष्मा, देवाचे पुस्तक राहू दे. पलंग निघाल्यावर खिडकीजवळ जी जागा मोकळी होईल तेथे चटई टाकून रोज सकाळी अर्धा तास तानपुऱ्याबरोबर बसून पाहा. तानपुरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल. त्या खोलीत बसवत नसेल तर दुसरीकडे बसा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा तेथे बसून पाहा.